सहा मिलिमीटरचा खडा आणि चार कपांचा काढा

शुक्रवार, 11 ऑक्टोबर 2024. दुसऱ्या दिवशी दसरा. स्वयंपाकघरात झेंडूची फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. पहाटे तीनच्या सुमारास उजव्या कुशीत कळ आली आणि मी उठून बसले. आधी वाटलं गॅस असेल. पाच मिनिटांत कळ पाठीतून पोटात आणि पोटातून जांघेत उतरली. आडवं व्हावं तर दुखे, बसावं तर दुखे, चालावं तरी दुखे. मग उलटी झाली. माझी दोन बाळंतपणं झाली आहेत आणि ही कळ त्यांच्याच तोडीची होती. नवऱ्याने रिक्षा आणली. भांडुपमध्येच, घराजवळच्या नर्सिंग होममध्ये इंजेक्शन मिळालं आणि पाऊण तासाने मला जरा श्वास घेता आला.

तिथल्या डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली. रक्ताच्या पेशी भरपूर होत्या. सकाळी नऊला सोनोग्राफी झाली, 1,400 रुपये. पोट उपाशी आणि लघवीची पिशवी भरलेली असावी लागते, त्यामुळे दीड तास बाकावर पाणी पीत बसले. रिपोर्ट असा: उजव्या मूत्रवाहिनीत (किडनीतून लघवीच्या पिशवीकडे जाणाऱ्या नळीत), वरच्या भागात 6 मिलिमीटरचा खडा, उजव्या किडनीला हलकी सूज, डाव्या किडनीत 4 मिलिमीटरचा दुसरा खडा. डावा अजिबात दुखत नव्हता. तो तिथे आहे हे मला त्याच दिवशी कळलं.

हे सगळं लिहायचं कारण, पुढच्या तीन दिवसांत मला किमान वीस जणांनी वीस उपाय सांगितले आणि त्यातला कुठला खरा, कुठला घातक हे सांगणारं कोणी भेटेना. रात्री फोनवर शोधत बसायचे आणि आणखी घाबरायचे. तुम्ही आता त्याच जागी असाल तर माझा अनुभव कामी यावा.

सोमवारी, 14 तारखेला, यूरोलॉजिस्टकडे गेले. फी 1,200, थांबणं अडीच तास. त्यांनी मान खाली घालून लिहिता लिहिता दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी तेव्हाच वहीत उतरवल्या. पाच मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. पाच ते दहामध्ये निम्म्याच्या आसपास लोकांचा पडतो. आणि ताप आला, थंडी वाजली किंवा लघवी बंद झाली तर अपॉइंटमेंट न घेता थेट कॅज्युअल्टी. मूत्रवाहिनी सैल करणारी गोळी रात्री एक, दुखलं तर दुसरी गोळी, चार आठवड्यांनी परत तपासणी. किडनी कशी चालते हे ज्यावरून कळतं ते रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, ते ठीक होतं. लघवी गाळणीतून गाळा आणि खडा सापडला तर डबीत ठेवून आणा, असंही सांगितलं. घरात एक जुनी चहाची गाळणी होती, ती त्या दिवसापासून बाथरूममध्ये खिळ्याला टांगली.

"किती पाणी पिता दिवसाला?" त्यांनी विचारलं. मी हिशोब केला तर मला बोलताच येईना. सकाळी 8.10 ची भांडुपहून लोकल, संध्याकाळी सातला घरी. फोर्टमधलं आमचं ऑफिस जुन्या इमारतीत आहे. बायकांचं टॉयलेट दोन मजले खाली, किल्ली शिपायाकडे. प्रवासात अडचण नको म्हणून मी वयाच्या बावीसाव्या वर्षापासून सकाळी पाणीच पीत नाही. लेडीज डब्यातल्या माझ्या सगळ्याच मैत्रिणी असं करतात. मुंबईत बायकांना स्वच्छ आणि फुकट मुतारी मिळावी म्हणून 'राइट टू पी' ही चळवळ उभी राहिली, ती उगाच नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभरात अर्धा लिटर पाणी, असं वीस वर्षं चाललं होतं.

आता उपायांबद्दल. सासूबाई, म्हणजे आई, अलिबागकडच्या. त्यांनी त्याच दिवशी कुळीथ भिजत घातले आणि कढण केलं. माझ्या मावशीने गॅलरीतल्या कुंडीतून पानफुटीची पानं पाठवली, रोज उपाशीपोटी दोन चावून खा म्हणून. ऑफिसातल्या एकाने मक्याच्या कणसाचे केस उकळून प्यायला सांगितले, दुसऱ्याने बिअर. एकीने लिंबाचा रस आणि ऑलिव्ह तेल. आणि नात्यातल्या एकांनी ओळखीच्या दुकानातून 'खडा विरघळवणारं' चूर्ण आणून दिलं, 850 रुपयांना. साधी प्लास्टिकची पिशवी, त्यावर हाताने लिहिलेलं 'सकाळ-संध्याकाळ'. मी ते तीन दिवस घेतलं. घशाशी जळजळ सुरू झाली. बंद केलं आणि ठरवलं की झाडपाला घ्यायचाच असेल तर तो माणूस बघून, शिकलेल्या वैद्याकडून.

गुरुवारी, 17 ऑक्टोबरला, अर्धी रजा टाकून सरकारी आयुर्वेद रुग्णालयाच्या ओपीडीत गेले. साडेआठला रांगेत, सव्वानऊला केसपेपर, अकराला नंबर. केसपेपरचे पैसे नाममात्र. कोणी जाणार असाल तर आधारकार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्याच बरोबर न्या. नुसतं "एक पांढरी गोळी" म्हणून भागत नाही.

वैद्यबाई पन्नाशीच्या असतील. नाडी बघितली, जीभ बघितली, मग सोनोग्राफीचा कागद उजेडात धरून दोनदा वाचला. मी चूर्णाची पिशवी दाखवली. त्यांनी चिमूटभर तळहातावर घेऊन वास घेतला आणि पिशवी मला परत दिली.

"यावर घटक लिहिलेत का? परवाना क्रमांक? बॅच, तारीख?"

"नाही."

"मग हे औषध नाही, ही भुकटी आहे. आयुर्वेदिक औषधालासुद्धा हे सगळं छापावंच लागतं. आणि मुतखडा हमखास बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. ज्या रोगांची जाहिरात करता येत नाही त्या यादीत किडनीचा खडा आहे."

मी विचारलं, मग तुमच्या औषधाने माझा खडा पडेल का? त्यांनी दिलेलं उत्तर मला अजून शब्दशः आठवतं, कारण ते माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळं होतं. "सुश्रुतानेच सांगून ठेवलंय, खडा नवा, लहान असेल तर औषधाने साध्य; वाढलेला असेल तर शस्त्र. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला हे कळत होतं, तर आपण कशाला हट्ट करायचा? तुमचा डावा चारचा आहे, जागेवर बसलाय, सूज नाही. त्याच्यासाठी मी आहे. उजवा सहाचा आहे, अडकलाय, वर सूज आहे. तो तुमच्या यूरोलॉजिस्टचा. मी फक्त जोड देते. आणि ताप आला तर माझा काढा बंद करायचा आणि मला फोन न करता रुग्णालयात जायचं."

दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या दोन डॉक्टरांनी तापाबद्दल तेच सांगितलं होतं. ते लक्षात राहिलं हे पुढे माझं नशीब ठरलं.

त्यांनी काढ्यासाठी गोखरू, वरुणाची साल, पुनर्नवा आणि पाषाणभेद लिहून दिले, शिवाय गोक्षुरादी गुग्गुळाच्या गोळ्या. प्रमाण मी इथे मुद्दाम लिहीत नाही; ते माझं वजन, माझा रक्तदाब आणि माझे रिपोर्ट बघून ठरलेलं आहे. रक्तदाब त्यांनी दोनदा मोजला. यूरोलॉजिस्टची गोळी रक्तदाब उतरवू शकते, त्यात लघवी वाढवणारी औषधं घातली की चक्कर येऊ शकते, म्हणून. काढा चालू असल्याचं मी यूरोलॉजिस्टनाही फोनवर कळवलं. ते फारसे खूश नव्हते, पण "लपवलं नाहीत हे चांगलं" म्हणाले.

रुग्णालयाच्या औषधालयात दोन वस्तू मिळाल्या, दोन संपल्या होत्या. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर फोर्टमधून चालत काळबादेवीला काष्ठौषधींच्या दुकानात गेले. दुकानदार वयस्कर, कागदावरची नावं वाचून त्याने पहिला प्रश्न विचारला: "पाषाणभेद कुठला देऊ?" मला प्रश्नच कळला नाही. त्याने दोन बरण्या काढल्या. एकीत हिमालयाकडून येणारी मुळं, वरून तपकिरी आणि तोडली की आत लालसर. दुसरीत वाळलेली पानं. आपल्याकडे पानफुटीला पण पाषाणभेद म्हणतात, पाथरचुरीलाही म्हणतात, दक्षिणेत आणखी वेगळ्याच झाडाला. नाव एक, झाडं चार. मी तिथूनच वैद्यबाईंच्या विभागात फोन लावला. फोन लागला नाही. मग शनिवारी परत गेले, विचारलं, "मुळं" असं लिहून घेतलं आणि सोमवारी खरेदी केली. या गोंधळात तीन दिवस गेले, पण ते वाया गेले असं मला वाटत नाही. तुम्हीही कागदावर झाडाचं शास्त्रीय नाव आणि कुठला भाग, मूळ की साल की पान, हे लिहून घ्या. चार औषधांचे मिळून 260 रुपये झाले.

पानफुटीबद्दलही विचारून घेतलं, कारण मावशी रोज फोन करत होती. त्या झाडाच्या कुळात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरांना त्याने विषबाधा झालेली आहे. वैद्यबाई म्हणाल्या, हृदयाची औषधं चालू असलेल्यांनी तर हातच लावू नये. मावशीला हे सांगितल्यावर ती आधी रागावली, मग तिने स्वतःच काकांना ती पानं द्यायचं बंद केलं. काकांची हृदयाची गोळी चालू होती, हे मला तेव्हाच कळलं.

काढा पहिल्यांदा केला तो मंगळवारी, 22 तारखेला. पुडा ओट्यावर सोडला आणि गोखरू हातात घेतलं तर बोटाला टोचलं. हे तर सराटे! माझं माहेर माण तालुक्यातलं. आमच्याकडे उन्हाळ्यात माळावरून चाललं की चपलेच्या तळव्याला हेच लागायचे, सायकल पंक्चर व्हायची ती यांच्यामुळेच. गाईच्या खुरासारखं फळ म्हणून गोक्षुर आणि त्यावरून गोखरू. ज्याला लहानपणी शिव्या दिल्या ते फळ भांडुपच्या ओट्यावर चार कप पाण्यात उकळत होतं. आई वरुणाची साल बघून म्हणाल्या, "अगं, हा तर आमचा वायवर्ण. ह्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतो आम्ही." चार कपांचा एक कप व्हायला पस्तीस मिनिटं लागली. रंग कडक चहासारखा, वास ओल्या लाकडाचा, चव तुरट आणि शेवटी कडू. लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नका, स्टील घ्या. आणि रोज ताजा करा. सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवलेला संध्याकाळी आंबूस लागला होता.

पाच दिवस झाले. लघवी जास्त व्हायला लागली, जळजळ कमी झाली. मला आशा वाटायला लागली.

रविवार, 27 ऑक्टोबर. दिवाळीची साफसफाई काढली होती. संध्याकाळी पाचला अंग दुखायला लागलं, सातला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. ताप 102. आई आल्याचा काढा करायला उठल्या, मलेरिया असेल म्हणाल्या. मला दोन्ही डॉक्टरांचं वाक्य आठवलं. मी म्हटलं, "आई, आत्ताच निघायचं." साडेआठला आम्ही रुग्णालयात होतो. अडकलेल्या खड्याच्या मागे तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा वेळी रात्र काढणं धोक्याचं, जंतू रक्तात पसरतात. मध्यरात्रीनंतर भूल देऊन मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट घातला, म्हणजे किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत जाणारी एक बारीक नळी, तुंबलेली लघवी वाहती करायला. खडा तेव्हा काढत नाहीत. आधी संसर्ग जाऊ देतात.

मी त्या रात्री खूप घाबरले होते. नवऱ्याने सह्या केल्या तेव्हा त्याचा हात थरथरत होता.

विम्याचं इथेच सांगते. कॅशलेससाठी आधारकार्ड, पॅनकार्ड, पॉलिसीचं कार्ड आणि पहिला सोनोग्राफी रिपोर्ट लागला. आमच्या पॉलिसीत मुतखड्याला दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ होता. आमचं तिसरं वर्ष चालू होतं म्हणून सुटलो. तुमची पॉलिसी आजच काढून हे कलम वाचा. मंजुरीला अकरा तास लागले. बिल 64,000, त्यातले 7,300 आमच्या खिशातून, हातमोजे-किट वगैरे विमा देत नाही म्हणून. दाखल होण्याआधीच्या 30 दिवसांचे खर्च परत मिळाले, पण ज्या बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली होती त्याचेच. काढ्याचे 260 अर्थातच नाहीत. नरकचतुर्दशीला, 31 तारखेला, घरी आले.

स्टेंट असताना दर तासाला लघवीला जावंसं वाटतं, शेवटी कळ येते, कधी लाल होते. तीन आठवडे मी लोकलने गेले नाही. दुर्बिणीने खडा फोडायची तारीख आधी 20 नोव्हेंबर मिळाली होती, पण तो विधानसभेच्या मतदानाचा दिवस निघाला, मग शुक्रवार 22. लेझरने खडा फोडून तुकडे काढले. बिल 91,000, खिशातून 9,100. स्टेंट 5 डिसेंबरला काढला. दहा मिनिटांचं काम, पण मन घट्ट करून जा. तुकडे तपासायला पाठवले होते, त्याचे 1,500 रुपये वेगळे. रिपोर्ट: कॅल्शियम ऑक्झलेट. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार.

ही तपासणी नक्की करून घ्या, खाण्यापिण्याचं त्यावरच ठरतं. मी ऑक्टोबरपासून घाबरून दूध बंद केलं होतं. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, उलट जेवणातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, दूध-दही सुरू करा. कमी करायचं ते मीठ. पालक आणि बीट रोज नको. लिंबू चांगलं, त्यातलं सायट्रेट कॅल्शियमला बांधतं. लघवी दिवसाला दोन ते अडीच लिटर व्हायला हवी, रंग फिकट. कळ चालू असताना मात्र लिटर-लिटर पाणी एकदम ढोसायचं नाही, त्याने अडकलेला खडा पुढे सरकत नाही, दुखणं वाढतं.

12 डिसेंबरला केसपेपर घेऊन परत वैद्यबाईंकडे. त्यांनी आधी यूरोलॉजिस्टचं कार्ड पूर्ण वाचलं. "आता डावा," म्हणाल्या. काढा पुन्हा सुरू झाला, या वेळी तीन महिने आणि मग थांबून सोनोग्राफी, दर महिन्याला क्रिएटिनिन. मी त्यांना सरळ विचारलं, याला पुरावा किती? त्या म्हणाल्या, गोखरू, वरुण, कुळीथ यांनी स्फटिक वाढायला अटकाव होतो हे प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर दिसलंय. माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. "म्हणूनच मी तुम्हाला सोनोग्राफीशिवाय औषध देत नाही."

तिथल्या बाकावर एक आजोबा भेटले, क्रिएटिनिन वाढलेले. कोणीतरी सांगितलं म्हणून रोज दोन शहाळी आणि पुनर्नवा घेत होते. वैद्यबाईंनी दोन्ही तिथल्या तिथे बंद करायला लावलं. किडनी कमजोर असली की पोटॅशियम बाहेर पडत नाही, आणि शहाळ्यात ते भरपूर, पुनर्नव्यातही. कमरख हे फळ तर अशांना विषासारखं. जे माझ्या खड्याला चालतं ते त्यांच्या किडनीला मारक. किडनीसाठी म्हणून एकाच पंगतीत वाढलेली ही सगळी नावं मला त्या दिवसापासून वेगवेगळी दिसायला लागली. नव्वदच्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या वनौषधींत चुकून भलतंच मूळ मिसळलं जाऊन कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा काळबादेवीच्या त्या दोन बरण्या डोळ्यांसमोर आल्या.

15 मार्चची सोनोग्राफी: डावा खडा तसाच, 4 मिलिमीटर. मन खट्टू झालं. पण वाढला नव्हता. वैद्यबाईंनी काढा बदलला, यवाचं, म्हणजे जवाचं, पाणी वाढवलं. 28 जूनची सोनोग्राफी: डाव्या किडनीत खडा दिसत नाही. गाळणीत काहीही सापडलं नव्हतं. काढ्याने गेला, पाण्याने गेला की नुसताच निघून गेला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. इतका लहान खडा सोनोग्राफीत निसटूही शकतो, असं यूरोलॉजिस्ट म्हणाले. दोघांनीही सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

ऑफिसात आम्ही सात जणींनी मिळून अर्ज दिला. टॉयलेटची किल्ली आता आमच्या मजल्यावर असते. टेबलावर एक लिटरची बाटली, दुपारी एकच्या आत एकदा संपवायची.

काल दादर स्टेशनबाहेर आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसल्या होत्या. एकीकडे घेटुळी होती, लालसर देठ, जाडसर पानं. पुनर्नवा म्हणजे हीच. दोन वाटे घेतले. आईंनी मूगडाळ आणि लसूण घालून परतली. आता काढा बंद आहे, ही भाजी म्हणून. पुढची सोनोग्राफी डिसेंबरात.